दिलीपदादाचं गाणं मी बंद पाडलं

आज स्मशानात मी एका बाईला गप्प केलं.

ती आमच्या दिलीपदादाचं गाणं म्हणत होती.
दिलीपदादाच्याच चितेपाशी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिलीपदादा म्हणजे पेणच्या रामवाडीचा रॉक सिंगर. हो, रॉक! मुंबईच्या हॉटेलांत इंग्लिश गाणी गाऊन घसा तयार केला, मग इकडे परत येऊन स्वतःची मराठी गाणी केली. म्हातारा झाला तरी केस खांद्यापर्यंत.
मी त्याच्या बँडचा ड्रमर.

गावाने त्याला कधी सीरियसली घेतलं नाही. गणपतीत बोलवायचे आणि वर सांगायचे, "दिलीप, जरा सोज्वळ गा हां."

पण दरवर्षीचा रोह्याचा शो त्याचा स्वतःचा.
तिकीट नाही. एन्ट्रीला रक्त द्यायचं.

हायवेवर अपघात, वाड्यांवरच्या बाळंतिणींना वेळेवर रक्त मिळत नाही, म्हणून ही दादाची आयडिया. रक्तपेढीवाले मैदानातच खाटा टाकायचे. कंपनीतली पोरं शिफ्ट सुटली की थेट यायची. सुई बघून मी मागे सरलो तर हा माइकवरून ओरडला, "आमचा ड्रमर बघा, नुसता आवाज!"

रोह्याजवळच्या वाडीवरची यमुना बाळंतपणात त्याच रक्तावर वाचली. तेव्हापासून प्रत्येक शोला ती पुढच्या रांगेत.

आज ती टेम्पोने आली. अग्नी दिला आणि तिने गायला सुरुवात केली. डोळे मिटून, अगदी दादासारखं ओरडून.

दादाचे मोठे भाऊ, आमचे अण्णा, माझ्या कानाशी आले. "बाईमाणूस स्मशानात, वर हा धिंगाणा. सांग तिला. लोक काय म्हणतील?"

अण्णा, हे गाणं दादाचंच आहे, एवढंसुद्धा माझ्या तोंडून निघालं नाही.
गेलो आणि म्हणालो, "यमुनाबाई, इथे नको."

ती भांडली असती तर बरं झालं असतं.

"चुकलं भाऊ. आमच्या वाडीवर मयताला गातात, म्हनून गायले." तिने पदर तोंडाशी धरला. मग हळूच विचारलं, "गात नाय. नुसती उभी राहू?"

आयुष्यभर दादाच्या मागे बसून ड्रम वाजवले मी.
आणि तिला उत्तर द्यायच्या आधी अण्णांच्या तोंडाकडे बघितलं.

लाज वाटते रे दादा.
श्रद्धांजली वाहायची आज माझी लायकी नाही. तरी वाहतो.
नीघ आता.