एका ‘जी’पायी

जबलपूरजवळच्या बरगी धरणाच्या जलाशयात बुडालेल्या डोंगराचा पाण्यावर उरलेला तुकडा म्हणजे ते बेट. त्यावर एक खोली, सागाची झाडं आणि मी. सकाळ-संध्याकाळ पाणपक्षी मोजून तक्त्यात लिहायचे, हे तीन महिन्यांचं काम मला कॉलेजातल्या मॅडमनी मिळवून दिलं होतं. आमच्या घरात बीएस्सी झालेला मी पहिलाच. शहपुऱ्याहून जबलपुरात आलो तेव्हा प्रवेशाचा फॉर्मसुद्धा त्यांनीच शेजारी बसवून भरून घेतला होता. त्यांना नाही म्हणायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती.

पहिला महिना बरा गेला. दुसऱ्यात मी स्वतःशी मोठ्यानं बोलू लागलो. तिसऱ्यात तेही थांबलं. चहूकडे एवढं मोकळं पाणी, पण चालायला वाट एकच, खोलीपासून काठापर्यंत. पोहता येत नव्हतं. सोमवारी राशन घेऊन येणारे नाववाले कक्का सोडले तर माणसाचं तोंड दिसत नसे. आता अकरा दिवस उरले, या एका गोष्टीवर मी तग धरून होतो.

फोनला रेंज फक्त वरच्या खडकावर यायची. मॅडमचा फोन आला तेव्हा आवाज तुटत होता. ऐकतोय हे कळावं म्हणून मी मधे मधे म्हणत राहिलो, “जी... जी मॅडम... जी.” आमच्याकडे मोठ्यांचं बोलणं असंच ऐकतात.

पुढच्या सोमवारी कक्कांनी नावेतून तांदळाचं पोतं उतरवलं. मग पिठाचं.

“इतना काहे, कक्का?”

“बरसात लों का है. मैडम ने कही, भैया रुकने को मान गए.” ते हसले. “हमने कही, भैया पगला गए!”

म्हणजे पावसाळ्यापर्यंत! खडकावरच्या माझ्या ‘जी’ला मॅडमनी होकार धरलं होतं. नावेचा दोर माझ्या हातात होता.

“चलना है का?” त्यांनी विचारलं.

मॅडमना न सांगता कसं निघायचं? मी दोर सोडला.

मग तीन दिवस मी खडकावर चढायचो, नंबर काढायचो आणि तसाच उतरायचो. चौथ्या दिवशी लावला.

“बोल रे, काय करून राहिला?”

“मॅडम, ते जी म्हणजे हो नव्हतं. मी फक्त ऐकून राहिलो होतो.”

“अच्छा? मग?”

“मला नाही राहायचं इथं. भीती वाटते.”

“काहून बोलला नाहीस आधी? मी तर सगळ्यांना सांगून राहिले, पोराला जंगल मानवलं म्हणून.” त्या हसल्या, मग आवाज उतरला. “आता ऐन वेळी दुसरं कोण मिळणार? मोजणी बंद पडेल. पडू दे. सोमवारी ये.”

सुटलो होतो, तरी ते ‘पडू दे’ कानातून जाईना. सोमवारपर्यंत मी एकही मोजणी चुकवली नाही. एरवी धुक्यात अंदाजे लिहायचो, ते धुकं विरेपर्यंत बसून मोजलं.

तक्ते द्यायला मॅडमच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी पोहे केले होते. मी पाया पडलो. त्यांनी पानं चाळली, शेवटच्या नोंदीखालच्या, आता कोऱ्याच राहणाऱ्या ओळींवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “खा, थंड होऊन राहिले.”