अरिकापर्यंत सहा तास

नेलिदा बारिएन्तोसने देशाच्या दक्षिण टोकाला, गारठ्यातल्या पुन्ता अरेनासच्या कारखान्यात सव्वीस वर्षं खेकडे सोलले. बोटं वाकडी झाली, जीभ मात्र शाबूत राहिली. धाकटी बहीण एर्सिलिया लग्न करून पार उत्तरेच्या टोकाला, अरिकाला गेली, त्याला चाळीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत दोघींची भेट फक्त दोनदा झाली. बसने पाच दिवस, तेही अर्जेंटिनातून वळसा घालून. दुसऱ्या खेपेला नेलिदाचे पाय असे सुजले की तिने कानाला खडा लावला. आणि विमानाला ती पहिल्यापासून घाबरत होती.

एर्सिलियाच्या सत्तरीला भाची मारित्साने परस्पर तिकीटच काढलं आणि अरिकाहून फोन केला.

"मावशी, चार हजार किलोमीटर आहे, पण हवेत फक्त सहा तास. मध्ये सान्तियागोला दीड तास थांबायचं."

"सहा तास? अगं, सहा तासांत माझा एक मोजा धड विणून होत नाही!"

तरी तिने थर्माकोलच्या डब्यात दोन किलो गोठवलेलं खेकड्याचं मांस भरलं. दहा तास ते दगडासारखं राहतं, हे तिला कारखान्यातल्या कामामुळे ठाऊक होतं.

विमान उडालं तेव्हा तिने डोळे गच्च मिटून शेजारच्या अनोळखी बाईचा हात धरला. थोड्या वेळाने त्या बाईनेच तिला हलवलं, "बघा तरी!" खाली बर्फाच्या नद्या डोंगरांतून समुद्राकडे उतरत होत्या. नेलिदाने नंतर डोळे मिटलेच नाहीत.

सान्तियागोला कळलं, अरिकाचं विमान तीन तास उशिरा. डब्याचे दहा तास आता पुरणार नव्हते. डबा घेऊन ती कॉफीच्या दुकानात गेली आणि तो फ्रीजरमध्ये ठेवू द्या म्हणाली. गल्ल्यावर यास्ना नावाची पोरगेली बाई होती.

"आजी, इथे सामान ठेवत नाही."

"आजी कुणाला म्हणतेस? आणि हे सामान नाही, माझ्या बहिणीचा वाढदिवस आहे!"

यास्नाला हसू आवरेना. तिने आइस्क्रीमचे डबे सरकवले आणि जागा केली.

अरिकाला उतरली तेव्हा संध्याकाळ उबदार होती आणि नेलिदाच्या अंगात लोकरीचा जाड कोट. दारात एर्सिलिया उभी होती, पांढऱ्या केसांची, काठी टेकून.

"एवढी म्हातारी कधी झालीस गं?"

"तुझी वाट बघता बघता, ताई."

मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून भर गर्दीत रडल्या. मारित्सा डबा सांभाळत बाजूला उभी राहिली.

रात्रीच्या जेवणात खेकडा चाटूनपुसून संपला. एर्सिलियाने हात पुसले.

"ताई, तिकडे तुझ्या गावातली आईची कबर बघून मला बावीस वर्षं झाली. बस नाही झेपायची. पण सहा तास झेपतील की."

"मार्चअखेर ये," नेलिदा म्हणाली. "तोवर आमच्याकडचा वारा जरा दमतो."

मारित्सा विमानाच्या तारखा बघायला लागलीसुद्धा.