येसरची पिशवी घेऊन मुरुड ते सहस्रकुंड

पाडव्याच्या दुपारी चकलीचा तुकडा मोडता मोडता मी जाहीर केलं, "उद्या भाऊबीजेला कंधारला जाते. तिथून नांदेड, मग पुष्पाकडं इस्लापूरला. सहस्रकुंड बघून येते."

आमचे हे म्हणाले, "फिरायला चाललीस का विकायला?"

"दोन्ही."

खरं कारण तिसरंच होतं. चार वर्षांपासून मी लातूरजवळच्या मुरुडला येसर करून विकते. ज्यांना येसर ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: धान्यं, डाळी खमंग भाजून मसाल्यासोबत दळायच्या, ते पीठ पाण्यात कालवून फोडणीत सोडलं की आमटी तयार. आमच्याकडं लग्नाच्या पंगतीत ही लागतेच. गेल्या दिवाळीत मी हौसेनं सोनेरी रिबिनीचे डबे काढले आणि ते हातोहात गेले. पण वर्षभरात दुसऱ्यांदा मागायला जवळजवळ कुणी आलं नाही. कामासाठी भाड्यानं घेतलेली खोली ठेवायची की सोडायची, हे सुट्ट्या संपल्या की मालकाला सांगायचं होतं. घरात बसून विचार केला की मला नुसतं रडू यायचं, म्हणून पिशवीत तीस पाकिटं आणि पाच रिबिनीचे डबे भरले आणि निघाले.

दिवाळीतली एसटी म्हणजे काय ते सांगायला नको. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळं खिसा वाचतो, जागा मात्र अर्धीच मिळते. लातूरला गाडी बदलली, अहमदपूरपर्यंत उभी होते. पुढं लोह्याला उतरून कंधारची गाडी धरली. वाटेत तुरी फुलल्या होत्या. निवांत बघायचं असेल तर सकाळची पहिली गाडी धरा, दहानंतर खिडकी विसरा.

कंधारला दादाला ओवाळलं, त्याला नवा डबा दिला. वहिनीनं तो दोन्ही हातांनी घेऊन शोकेसमध्ये ठेवला. मी विचारलं, "गेल्या सालचं येसर कसं निघालं?"

"लई छान होतं की आक्का," ती म्हणाली आणि लगेच करंजीचं ताट पुढं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादासोबत किल्ला पाहिला. खंदकात पाणी होतं, आत आमच्याशिवाय चार-सहा माणसं. दोन तास हाताशी ठेवा आणि पाण्याची बाटली घरूनच न्या. एका बुरुजावर बसून मी दादाला खोलीचं सांगितलं. तो म्हणाला, "तू खोली सोडलीस तर वाईट वाटंल मला." मला बरं वाटलं आणि धास्तीही वाढली.

नांदेडला बाजारात एका मसालेवाल्या काकांकडं गेले. त्यांनी पाकीट फोडून चिमूट नाकाशी नेली. "आज तर वास हाय. पण तुमचा रिबिनीचा डब्बा आमच्या घरी आला होता, पोरीच्या साखरपुड्यात कुणीतरी दिलेला. त्याला वासच न्हवता बगा."

"कधी होता साखरपुडा?"

"झाले की दोन महिने."

मला काही उलगडलं नाही. मी काय भाजायचं चुकले, हाच घोर घेऊन किनवटच्या गाडीत बसले. तीनेक तासांनी इस्लापूर आलं.

पुष्पा माझी मावसबहीण. दुसऱ्या दिवशी शेअर रिक्षानं आम्ही सहस्रकुंडला गेलो. पावसाळ्यातलं रौद्र रूप आता नव्हतं, पण काळ्या खडकावरून पैनगंगा अजून दणकून कोसळत होती. खडक निसरडे असतात, चप्पल बघून घाला. काठावर बसून भाकरी-ठेचा खाल्ला. पाण्याकडं बघत मी ठरवूनच टाकलं होतं की खोली सोडायची. पुष्पाला तसं सांगितलंही.

घरी आल्यावर पुष्पानं माझी ओटी भरली आणि वर एक डबा ठेवला. सोनेरी रिबिनीचा. मी तो उलटा केला. तळाशी माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'प्रिय दादास, भाऊबीज.'

"पुष्पे, हा कुठून आला?"

"नांदेडच्या मामीनं दिला वास्तुशांतीला. तिला तुझ्या वहिनीनं दिल्ता म्हणं." मग तिचं लक्ष अक्षराकडं गेलं आणि ती तोंडाला पदर लावून हसू लागली. "आगं, इतका देखणा डबा फोडावा वाटतो का? म्या जपून ठिवला होता, चांगल्या माणसाला द्यायला."

मला राग यायला हवा होता. पण माझ्या कपाटात आहेराचे बावीस ब्लाउजपीस पडून आहेत, त्यातला एकही मी शिवलेला नाही, ओटी भरायला पुढं सरकवते. माझं येसरही तसंच वर्षभर घरोघर फिरत होतं. कुणी फोडलाच डबा, तर तोवर वास उडून गेलेला.

त्या संध्याकाळी मी तो डबा फोडला. आत नुसतं पीठ उरलं होतं. मग पिशवीतल्या ताज्या पाकिटाची आमटी केली. पुष्पाचे यजमान भुरके मारत तीन वाट्या प्याले. "आठ दिस ग्वाड खाऊन तोंडाची चव गेल्ती," ते म्हणाले, "आज जेवल्यावानी वाटून राहिलं."

परतीच्या वाटेवर पिशवीतल्या डब्यांच्या रिबिनी काढल्या. पुष्पाची कात्री मागून आणली होती. नांदेडच्या काकांकडं पाच पाकिटं ठेवली, एकाचा कोपरा कापून, गिऱ्हाइकाला वास घेता यावा म्हणून. मुद्दाम कंधारला उतरले, वहिनीला जुना डबा कुठं सापडला ते सांगितलं, शोकेसमधला डबा काढला आणि तिच्यासमोरच फोडला. ती बिचारी कानकोंडी झाली. "चुकलंच आक्का. पर लई चांगला दिसत होता."

"तुझं नाही चुकलं. फोडलेला डबा आता कुणाला देशील? खा."

मुरुडला येऊन आठ दिवस झाले. एवढ्या प्रवासात विकली गेली ती नऊच पाकिटं, बाकीची वाटली. खर्च वजा जाता हाती काही नाही. खोलीच्या मालकाला अजून उत्तर दिलं नव्हतं. आज दुपारी रिबिनीचं उरलेलं रीळ शेजारणीला देत होते, तेवढ्यात वहिनीचा फोन आला.

"आक्का, येसर संपलं."

चार वर्षांत घरच्या माणसाच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. चप्पल घातली आणि तशीच मालकाकडं गेले, खोली ठेवते म्हणून सांगायला.