दक्षिणेकडे पडलेली सावली

तुमचे आजोबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी मी आगाशीला शिक्षकांचा वर्ग घेऊ लागले. तुमचे बाबा तेव्हा नुकतेच तिकडे परदेशात स्थायिक झाले होते. विरारचा फ्लॅट आम्ही दोघांसाठी घेतला होता आणि त्यात मी एकटी राहत होते. दूध, पेपर, स्वयंपाक, भांडी सगळं वेळच्या वेळी उरकायचं, आणि मग पुढे अख्खा दिवस पडलेला असायचा. शेजारीपाजारी सकाळीच नोकरीला जात. जिन्यात कोणी भेटलं तर "काय काकू, बऱ्या ना?" एवढं विचारून, उत्तराला न थांबता खाली उतरत.

मी मुंबईत इंग्रजी शाळेत विज्ञान शिकवलं होतं. ओळखीतल्या एका निवृत्त शिक्षणाधिकाऱ्यांनी विचारलं, आसपासच्या मराठी शाळांतल्या शिक्षकांना आकाशाचं विज्ञान आणि त्याचा इतिहास वर्गात कसा न्यायचा ते दाखवाल का? शनिवारी शाळा सकाळची असते, ती सुटल्यावर तिथंच बसायचं. मात्र पुढच्या जूनपर्यंत एकाही शिक्षकाने आपणहून मुलांना घेऊन काही करून पाहिलं नाही, तर वर्ग बंद करायचा. मी हो म्हटलं. हा वर्ग बंद पडू नये असं मला फार वाटत होतं, कारण आठवडाभरात मला "बाई" म्हणणारी तेवढीच माणसं होती.

माझं सामान थोडं होतं: एक काठी, ओळंबा, खडू आणि वाळू भरायला तेलाचा रिकामा डबा. काठी डब्यात उभी करायची, ओळंब्याने सरळ आहे ना ते पाहायचं आणि सावलीच्या टोकाशी थोड्याथोड्या वेळाने खडूने टिंब काढायचं. आपल्याकडच्या जुन्या ज्योतिर्विदांनी दिशा आणि मध्यान्ह अशाच काठीवरून ठरवली, तिला ते शंकू म्हणत, हे मी सांगितलं. मराठी शब्द मी आदल्या दिवशी शोधून पाठ करून जात असे. एकदा 'झेनिथ' तोंडातून निसटलं, तर निवृत्तीला आलेले एक गुरुजी म्हणाले, "बाई, आमच्या डोक्यावर ख-मध्य आहे. झेनिथ मुंबईत."

पहिल्या दिवशी बारा वाजले तशी सगळ्यांनी खडू ठेवला. "झाले बारा. सर्वांत लहान सावली," म्हणत जेवणाचे डबे उघडले. गिरीजच्या वाडीतली एक शिक्षिका तेवढी उन्हात उकिडवी बसून राहिली.

"गुरुजी, ही अजून आखडतेय."

"पुस्तकात बारा लिहिलंय ना?"

"सूर्यानं पुस्तक वाचलेलं दिसत नाही."

"का, तो पण आगाशीच्या एसटीनं येतो काय?" गुरुजी म्हणाले, पण पोळीचा घास हातात धरून उठले आणि तिच्याशेजारी येऊन उभे राहिले. साडेबारा उलटून गेल्यावर कुठे सावली पुन्हा लांबू लागली. मग मी सांगितलं की घड्याळ साऱ्या देशाचं एकच आहे आणि ते आपल्या पुष्कळ पूर्वेकडच्या रेषेवर लावलेलं आहे, त्यामुळे आपल्या माथ्यावर सूर्य उशिरा येतो. पूर्वी मुंबईची स्वतःची वेगळी वेळ होती, माझे वडील तिच्याबद्दल सांगत. गुरुजींनी विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं मी मुलांना बारा सांगितले ते?" मी म्हटलं, "पुस्तकानं सांगितले." त्यांना ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

मेच्या मध्याला आमच्या वसई भागात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. ते बघायला त्या दिवशी शाळेत जमायचं असं मार्चमध्ये ठरलं. मुलं मिळतील तेवढी आणायची. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही सुट्टीचा विचार केला नाही.

त्या दिवशी शाळेच्या फाटकाला कुलूप होतं. गावात लग्नाचा बँड वाजत होता. मी फाटकाबाहेर डबा ठेवला, काठी लावली आणि छत्री उघडून शेजारी उभी राहिले. बारा वाजले, कोणी आलं नाही. साडेबारा वाजले. सावली काठीच्या बुंध्याशी आली आणि आत गेली. मी इकडे तिकडे पाहिलं. कोणाला तरी "बघा" म्हणावं असं वाटलं, पण रस्त्यावर एक बैल रवंथ करत बसला होता, दुसरं कोणी नव्हतं. सावली पलीकडून बाहेर यायला लागली तशी मी वाळू ओतून टाकली आणि बसने घरी आले. वर्ग संपला असं मी धरून चालले.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या शनिवारी तेच सांगायला गेले. मी तोंड उघडायच्या आत गुरुजी म्हणाले, "बाई, तुमचं गणित चुकलं."

ते सुट्टीत दक्षिण कोकणात आपल्या गावी गेले होते. ठरलेल्या दिवशी त्यांनी देवळासमोर काठी रोवून गावातली सगळी पोरं जमवली होती.

"सावली गेली तर नाहीच. उलट दक्षिणेकडे पडली. या वयापर्यंत दुपारची सावली दक्षिणेला मी पाहिली नव्हती. पोरं विचारतात, गुरुजी, सूर्य रस्ता चुकला काय?"

"काहीतरीच," गिरीजची शिक्षिका म्हणाली. "आमच्या वाडीत साफ गेली. माझी आणि भावाची मुलं होती, शेजारची होती. आई म्हणाली, भर उन्हात तुम्हाला खुळ लागलंय."

मी सांगणार होते की दोघांचंही बरोबर आहे, दक्षिणेकडच्या गावावरून सूर्य आधीच पुढे उत्तरेकडे गेलेला असतो. पण ती फळ्याकडे गेली होती. तिने किनारपट्टी काढली, गुरुजींनी तिच्या हातातला खडू घेऊन आपलं गाव दाखवलं, आणि बाकीचेही पुढे सरकले. भांडता भांडता त्यांनी ते स्वतःच शोधून काढलं. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते. माझ्याकडे कोणी वळून पाहिलं नाही. शिक्षकांना शिकवणाऱ्याने याचसाठी जायचं असतं, हे मला माहीत होतं.

वर्ग चालू राहिला. निघताना गुरुजी म्हणाले, "आता आम्ही सांभाळतो, बाई. तुम्ही उन्हातान्हाच्या कशाला येता?" ते मनापासून म्हणाले. पुढे मी महिन्यातून एकदा जाऊ लागले, मग बोलावलं की.

तेव्हापासून दर मे महिन्यात मी गच्चीवर काठी लावते. तुमच्या गावी असं कधीच होत नाही, तिथे सूर्य इतका वर येत नाही. तो आपल्याकडे जुलैअखेर परतताना पुन्हा एकदा डोक्यावरून जातो. तुमची सुट्टी नेमकी तेव्हाच असते. मागच्या खेपेला त्या दुपारी तुम्ही पत्ते खेळत होतात आणि बाहेर ढग होते. मी उठून दोनदा गच्चीवर जाऊन आले. तुम्ही विचारलंत, आजी, वर काय आहे? मी म्हटलं, कपडे वाळलेत का बघत होते.