आबाच्या कमरेची घाटी

औंढ्याच्या झुंबरबाईनं सासऱ्याच्या कमरेला बैलाच्या गळ्यातली घाटी बांधली, तेव्हा गावाला चघळायला बरा विषय मिळाला. म्हणे, सुनेनं म्हाताऱ्याचा बैल केला. बोलणाऱ्याचं काय जातं? दिवसभर म्हाताऱ्यामागं धावायला त्यांच्यातलं एक माणूस कधी आलं नव्हतं.

रखमाजीआबा एके काळी बैलांतला जाणता माणूस. नुसता कान चाचपून जनावराचा ताप सांगायचा. तीन वर्षांमागं त्याचं चित्त फिरलं. आत्ता जेवला तरी उपाशी ठेवलं म्हणायचा, पोटच्या लेकाला ओळखायचा नाही, आणि डोळा चुकला की बाहेर. एकदा तर नदीच्या काठाला सापडला. लेक बजरंग रेल्वेच्या गँगमध्ये, खंडाळ्याच्या घाटात. आठ दिवसांनी घरी यायचा, झोपायचा आणि जायचा. शेवटी मेलेल्या ढवळ्या बैलाची पितळी घाटी झुंबरबाईनं आबाच्या करगोट्याला अडकवली. ती वाजली की चुलीवरचं टाकून धावायचं. आबाला आवाज आवडला. ढवळ्या जवळच आहे म्हणून तो निवांत असायचा.

चाललं होतं कसंबसं. त्या भादव्यात झुंबरबाईलाच हिवतापानं धरलं. दिवसाआड हिव भरायचं, दात वाजायचे, मग अंगाची नुसती लाही. बजरंगानं लोणावळ्याच्या पोस्टातून कोयनेलच्या गोळ्या आणल्या; हिवतापाचं हे औषध तेव्हा पोस्टातही मिळायचं. कडूजहर, पण तिनं नेमानं घेतल्या. आपण पडलो तर आबाचं काय, एवढंच तिच्या डोक्यात. ताप हटला, पण त्या गोळ्यांनी कानात रातकिडे बसले. कुणी हाक मारली तरी कळेना. ताप गेला ना, मग कानाचं एवढं काय, असं तिला वाटलं. घाटी कानानंच ऐकायची असते, हे शिणलेल्या डोक्याच्या ध्यानातच आलं नाही.

एका दुपारी ती भाकरी थापत बसली होती. ठाकरवाडीची हिरी गवताचा भारा दारात टाकून आत आली आणि तिचा खांदा हलवायला लागली.

“मावशी, तुमची घाटी कवापासनं वाजतीया खाचरात. तुमाला ऐकू येत न्हाई व्हय?”

आबा भाताच्या खाचरात मांडीपर्यंत चिखलात रुतला होता. ओठ निळे पडले होते. दोघींनी मिळून त्याला ओढून काढला. घरी आणून शेकताना झुंबरबाई त्याच्यावर खेकसली, “मरायचं हाय का तुमाला?” आणि मग स्वतःचीच लाज वाटून रडली. उरलेल्या गोळ्या तिनं वळचणीला खोचून टाकल्या.

“ताप परवडला, हिरे. मला कान पायजेत.”

“आन उटायला पाय नगं का?” हिरी म्हणाली.



चार दिवसांत कान मोकळे झाले. सहाव्या दिवशी सकाळीच हिव भरलं. उभं राहवेना, म्हणून ती घोंगडं घेऊन उंबऱ्यातच आडवी झाली. म्हातारा निदान आपल्याला ओलांडून तरी जाणार नाही, असा तिचा हिशेब. थोड्या वेळानं घाटी वाजत जवळ आली. आबा वाकला. त्यानं तिचा कान दोन बोटांत धरून चाचपला, घसरलेलं घोंगडं तिच्या अंगावर नीट ओढलं.

“बजरंगा,” रिकाम्या ओसरीकडं बघत तो म्हणाला, “हिला आज जुपू नगं. लय ताप हाय.”

तीन वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. नवऱ्यानंही नाही. झुंबरबाईला भरून आलं. वाटलं, आता असंच पडून राहावं.

आबा सरळ झाला, तिला ओलांडून अंगणात उतरला आणि नदीच्या वाटेला लागला. घाटीचा एकेक ठोका तिला लख्ख ऐकू येत होता. झुंबरबाईनं घोंगडं बाजूला केलं आणि चौकटीला धरून ती उठली.