कानाला लावलेला कॅमेरा

बंडू कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी कानाला लावायचा. कोणी नवीन कॅमेरा घेऊन दाखवायला आला की बंडू किंमत विचारायचा नाही, काचही बघायचा नाही. कानाशी धरायचा, डोळे मिटायचा आणि बटण दाबायचा. मग मान हलवायचा किंवा तोंड वाकडं करायचा. पोरं हसायची. "बंडूकाका, फोन नाय तो!" बंडू म्हणायचा, "तुला काय कळतंय मेल्या. आधी ऐकावं, मग बघावं."

मांडवीच्या रस्त्याला त्याचा स्टुडिओ होता. पुढे पासपोर्टच्या फोटोची खुर्ची, मागे लग्नांचे अल्बम. केस रंगवायचा आणि रंग कॉलरला लागलेला असायचा. कुठल्याही लग्नाला वेळेवर पोचायचा नाही. पोटात काही राहायचं नाही. कुठल्या लग्नात कोणाची आत्या जेवायला न थांबता गेली, हे दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या आळीला त्याच्याकडून कळायचं. मी एसटी स्टँडवर कंट्रोलर होतो. माझी नोकरी माईकसमोरची, पण माईक बंद पडला तरी माझा आवाज शेवटच्या फलाटापर्यंत जायचा. बंडू मला नावाने कधी हाक मारायचा नाही. कंट्रोलरच म्हणायचा.

त्याचं आणखी एक काम होतं, ते पाटीवर लिहिलेलं नव्हतं. आमच्याकडची बरीच पोरं जहाजावर. आई-बाप गेले तर जहाज असेल तिथून पोर उतरणार कसा आणि येणार कसा? तेव्हा जहाजावर नेटही धड नसायचं. म्हणून मयताच्या घरी बंडूला बोलावणं जायचं. एक फोटो काढायचा आणि पोराला पाठवायचा, किंवा तो येईपर्यंत जपून ठेवायचा. बाहेरच्यांना हे चमत्कारिक वाटतं. ज्यांच्या घरातला कोणी समुद्रावर आहे, त्यांना वाटत नाही.

या कामाला मात्र बंडू वेळेवर जायचा. आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून, चपला फाटकाबाहेर काढून. हात जोडून भिंतीशी उभा राहायचा आणि थांबायचा. कोणी हुंदका दिला, मागच्या दारी कळशी आपटली, बाहेरून टेम्पो गेला, की त्या आवाजात आपला खटका लपवायचा. घरच्यांना फोटो कधी काढला ते कळायचंही नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "रडण्याच्या मध्ये आपलं यंत्र वाजू नये रे. तेवढंच."

त्याचा जुना कॅमेरा खाऱ्या हवेने कुरकुरायला लागला, तेव्हा नवीन घ्यायचं ठरलं. सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. डीएसएलआर घ्यावा की मिररलेस, यावर बंडूने आमची डोकी पिकवली. जेटीवर फिरायला गेलो की हेच. डीएसएलआरच्या आत आरसा असतो, बटण दाबलं की तो उचलला जातो, खटका मुख्यतः त्याचा. मिररलेसमध्ये आरसाच नाही, आणि उरलेला आवाजही बंद करता येतो. पण जुन्या लेन्सा त्याला सरळ बसत नाहीत. बॅटरी लवकर संपते. आणि डोळा लावला की आत एवढासा टीव्ही. "डीएसएलआरमधून माणूस दिसतो," बंडू म्हणायचा, "आणि यातून त्या माणसाचा फोटो दिसतो. तो काढायच्या आधीच. ते मला जरा बरं नाय वाटत."

कोल्हापूरच्या ओळखीच्या दुकानदाराने त्याला दोन्ही कॅमेरे आठवडाभर वापरायला दिले. पहिल्याच संध्याकाळी जेटीच्या कट्ट्यावर बंडूने मिररलेस माझ्या तोंडासमोर धरला.

"दाबलं," तो म्हणाला.

"काय दाबलं?"

"फोटो काढला तुझा. बघ."

पडद्यावर मी होतो, तोंड उघडं ठेवलेला. मी म्हटलं, "आवाज नाही तर फोटो निघाला हे कळणार कसं? उद्या वाजलाच नाही म्हणून दहा वेळा दाबत बसशील." कट्ट्यावरचे सगळे हसले. हसवलं की मला थांबता यायचं नाही.

त्याच आठवड्यात शेजारच्या आळीत लग्न होतं. बंडू गळ्यात दोन कॅमेरे अडकवून फिरत होता. शेवटच्या मंगलाष्टकाला मिररलेसची बॅटरी संपली. दुसरी पिशवीत होती, ती काढेपर्यंत हार घालून झाले. डीएसएलआर हातात होता म्हणून निभावलं. पण मी ते पाहिलं होतं आणि जेवणाच्या पंगतीत माझ्या स्टँडवरच्या आवाजात पुकारलं, "मिररलेस गाडी हार घालण्याच्या वेळी बंद पडलेली आहे, प्रवाशांनी नोंद घ्यावी!" पंगत हसली. बंडूही हसला.

परत येताना तो म्हणाला, "लग्नाचं सोड रे. लग्नात बँड असतो, खटका कोण ऐकतो? मयताच्या घरात ऐकू येतो."

"मेलेल्या माणसाला कसला आलाय आवाज?" मी म्हटलं.

"मेलेल्याला नाय रे," बंडू म्हणाला. "बसलेल्यांना."

मी ते कानाआड केलं. रोज भेटला की बॅटरीची आठवण करून द्यायचो, लोकांसमोर. मला कॅमेऱ्यातलं काही कळत नव्हतं. मी जिंकत होतो, एवढंच मला कळत होतं. शेवटी त्याने डीएसएलआर घेतला. घेतला तेव्हाही आधी कानाला लावला आणि तोंड वाकडं केलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "चल, कंट्रोलरने सिग्नल दिला."

पुढच्याच वर्षी माझी बायको सुमन गेली. आजारी होती, पण इतक्या लवकर जाईल असं वाटलं नव्हतं. आमचा अमोल तेव्हा जहाजावर. कंपनीने निरोप पोचवला, त्याचा फोन आला, पण माझ्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हा त्याने बंडूला फोन लावला. "काका, मला येता येणार नाही. आईचा एक फोटो काढून ठेवा."

बंडू आला. पांढरा शर्ट, अनवाणी. भिंतीशी हात जोडून उभा राहिला आणि नेहमीसारखा थांबला. आमच्या घरात त्या दिवशी कोणी रडत नव्हतं. मी रडत नव्हतो म्हणून बाकीचेही तोंड दाबून बसले होते. कळशी वाजली नाही, गाडी गेली नाही. बाहेर तिरडी बांधून झाली. न्यायची वेळ झाली. बंडूने माझ्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि कॅमेरा उचलला.

खटाक्.

एवढ्याशा घरात तो आवाज कसा वाजला ते मला आजही सांगता येत नाही. सुमनला कोणीतरी थोबाडीत मारली असं मला वाटलं. मी उठलो आणि शेवटच्या फलाटापर्यंत जाणाऱ्या आवाजात ओरडलो, "तमाशा आहे काय इथे? चालता हो!" सगळ्या आळीने ते ऐकलं. बंडू मान खाली घालून मागच्या अंगणात गेला. मी त्याच्या मागोमाग गेलो. तिथे आम्ही दोघेच होतो.

"पुसून टाक," मी म्हटलं.

"अमोलने सांगितलंय रे."

"पुसून टाक, माझ्यासमोर."

"एकदा बघ तरी," असं म्हणून त्याने कॅमेऱ्याची पाठ माझ्याकडे केली. मी पाहिलं. आणि तरीही म्हटलं, पुस. त्याने पुसला.

अमोल तीन-चार महिन्यांनी आला. पिशव्या खाली ठेवायच्या आधी त्याने विचारलं, "आईचा फोटो?" मी म्हणालो, "बंडूच्या हातून पुसला गेला." हे शब्दाला शब्द खरं होतं. म्हणूनच इतकी वर्षं ते मला पोसता आलं. अमोलने ओटीवरूनच बंडूला फोन लावला. लग्नं करता, बारशी करता, माझ्या आईचा एक फोटो तुम्हाला सांभाळता आला नाही, पुन्हा आमच्या दारात येऊ नका. आणखीही पुष्कळ बोलला. मी आत पाणी पीत उभा होतो. बाहेर जाऊन फोन हातातून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्टुडिओत गेलो. बंडू कोणा मुलीचा पासपोर्ट फोटो कापत होता. मी म्हटलं, "तू सांगितलं का नाहीस त्याला?"

"काय सांगू?" कात्री न थांबवता तो म्हणाला. "त्याला आता तू एकटाच राहिलायस. तुझ्यावर राग धरून जहाजावर जाईल, तर कोणाच्या आठवणीवर दिवस काढील तिकडे?" मग मुलीला म्हणाला, "घे गो, कान दिसतायत दोन्ही."

ज्याच्या पोटात काही राहायचं नाही असं मी वर लिहिलं आहे, त्या माणसाने ही एक गोष्ट कोणाला सांगितली नाही. त्याच्या बायकोलाही नाही, हे मला नंतर कळलं. आळीत मात्र बोललं गेलं. बंडू मयताच्या घरी कॅमेरा वाजवतो, वर फोटोही घालवतो. कंट्रोलरने हाकलला ते उगीच नाही. मयताच्या घरची बोलावणी थांबली. लोकांनी मला विचारलं की मी "जाऊ दे" म्हणायचो. त्या "जाऊ दे"चा अर्थ लोकांनी हवा तसा घेतला आणि मी घेऊ दिला.

दोन-तीन वर्षांनी त्याने मिररलेस घेतला. कोणाला विचारलं नाही. तो गळ्यात घालून पोरांच्या वाढदिवसांना जायचा. तिथे फुगे फुटत, गाणी लागलेली असत. आवाज न करणाऱ्या कॅमेऱ्याची तिथे कोणालाच गरज नव्हती. जेटीवर आम्ही भेटत होतो, पूर्वीसारखे शेजारी बसत होतो. कॅमेऱ्याचा विषय मात्र त्याने माझ्यासमोर पुन्हा काढला नाही, आणि मलाही काढायचं धाडस झालं नाही.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी बंडू गेला. निरोप आला तसा गेलो. त्याची मुलगी मस्कतला, तिने फोनवर सगळं पाहिलं. तरी बंडूची बायको, शालूवहिनी, आत गेल्या आणि तो कॅमेरा घेऊन आल्या. माझ्या हातात दिला. "ह्यांनी सांगून ठेवलंय," त्या म्हणाल्या. "फोटो कंट्रोलरने काढायचा. मोबाइलवर नको, यावर. आवाज बंद करून ठेवलाय म्हणाले. तुम्हाला आवाज सोसत नाही म्हणून." त्यांना त्यातलं काही माहीत नव्हतं. निरोप जसा दिला तसा त्यांनी सांगितला.

मी भिंतीशी उभा राहिलो. डोळा लावला. आत एवढासा टीव्ही, त्यात बंडू. केसांच्या मुळाशी पांढरं दिसत होतं, यावेळी रंग राहून गेला होता. मी बटण दाबलं. काहीच वाजलं नाही. शेजारची बाई मांडी बदलून बसली, कोणी मान वर केली नाही. फोटो निघाला की नाही मला कळलं नाही, म्हणून मी पुन्हा दाबलं. आणि पुन्हा.

वहिनींनी त्यातला एक मुलीला पाठवला, तिने तो सगळ्यांना पाठवला. फिरत फिरत तो अमोलपर्यंत गेला. त्याचा फोन आला. आता जहाजावरून चेहरासुद्धा दिसतो.

"बाबा, बंडूकाकांचा फोटो कोणी काढला?"

"मी."

"तुम्ही?"

तेव्हा मी त्याला सांगितलं. अंगणातलं, सगळं. पुस म्हणालो ते, आणि तीनदा म्हणालो तेही.  त्याच्या मागे कुठेतरी इंजिनाची घरघर येत होती.

"मग मी त्यांना जे बोललो ते?"

"ते त्याने ऐकून घेतलं."

 फोन ठेवेल असं मला वाटलं. तो म्हणाला, "तुम्ही पाहिला होता ना? पुसायच्या आधी?"

"हो."

"कसा आला होता?"

तो फोटो पाहिलेला आता मीच उरलो होतो. बंडू असता तर त्याने नीट सांगितलं असतं. मी घसा साफ केला. खिडकीतून उजेड येत होता, मी म्हटलं, तिच्या डाव्या गालावर. तोंडावरचा त्रास गेलेला होता. कपाळावर एक बट आली होती, ती तशीच होती. ओठ जरासे उघडे, कोणाला तरी हाक मारायच्या बेतात असल्यासारखे. चांगला आला होता रे. फार चांगला आला होता.

"अजून सांगा," अमोल म्हणाला.