धुराची गाडी आणि माझ्या कुरडया

कुर्ल्याच्या पुढे, आमच्या चेंबूर-गोवंडीच्या बाजूला विजेची गाडी येणार असं ठरलं, तेव्हा सगळी आळी हरखली होती. तोंड पाडून बसलेली बाई एकच होती, ती मी. गाडीशी माझं काही वाकडं नव्हतं. वाकडं होतं ते माझ्या थोरल्या जावेशी.

पन्नास साल उलटल्यानंतरची ही गोष्ट. माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. आम्ही दोघं रुळांच्या कडेला कौलारू दोन खोल्यांत राहायचो. सासू-सासरे, लग्नाची नणंद आणि थोरले दीर-जाऊ मुलुंडला. जाऊ माझ्याहून जेमतेम वर्षाने मोठी, पण नात्याने थोरली, म्हणून मी तिला वहिनी म्हणायचं आणि अहो-जाहो करायचं. ती मला अगं-तूगं करायची. तिथूनच माझ्या पोटात दुखायला सुरुवात झाली म्हणा ना.

तिच्याकडे काय नव्हतं? घरात नळ होता, दिवा होता. केस असे की आंबाडा घालताना मुठीत मावत नसत. या सगळ्यावर वरताण म्हणजे मुलुंडला विजेची गाडी फार आधीपासून होती. ती "आमची गाडी" असं म्हणायची. जणू तिच्या बापाने आंदणात दिली होती. आमच्याकडे आली की पदराने मान पुसायची, पदराला काजळी लागलीय का बघायची आणि गोड हसून म्हणायची, "तुमच्या गाडीची आठवण घरापर्यंत येते बाई." मी तिच्यासाठी चहा टाकायची आणि त्यात साखर मुद्दाम कमी घालायची. ती तोही आवडीने प्यायची. त्याचाही मला राग यायचा.

पण खरी आग लावली कुरडयांनी.

ज्यांनी फक्त पाकिटातल्या कुरडया पाहिल्यात, त्या माझ्या नातसुनांसाठी सांगते. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, फडक्यातून चीक गाळून काढायचा आणि रात्रभर निवू द्यायचा. सकाळी वरचं पाणी ओतून चीक शिजवायचा, गरम गरम सोऱ्यातून पाडायचा आणि उन्हात वाळवायचा. कुरडई पांढरीशुभ्र झाली तर बाई हाताची चांगली. काळपट झाली तर पुढे तिने पैठणी विणून दाखवली तरी उपयोग नाही.

वहिनीच्या कुरडया मोगऱ्याच्या कळीसारख्या. माझ्या मात्र करड्या, थेट उंदराच्या रंगाच्या.

पहिल्या वर्षी सासूबाईंनी माझ्या डब्याचं झाकण उघडलं आणि लगेच परत लावलं. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, आमच्याकडे इंजिनाचा धूर ना." वेळ अशी झकास साधली होती की माझं मलाच कौतुक वाटलं. धूर काही खोटा नव्हता. कुर्ल्याकडून शिट्टी ऐकू आली की आमच्या ओळीतल्या सगळ्या बायका जुनी लुगडी घेऊन धावायच्या. खाटांवरची वाळवणं झाकायची, गाडी जाऊ द्यायची, काजळी खाली बसू द्यायची, मग लुगडी काढायची. दिवसातून किती वेळा ते गाडी जाणे. सासूबाईंनी हे डोळ्यांनी पाहिलेलं होतं, त्यामुळे त्यांना पटलं. दुसऱ्या वर्षीही तेच झालं आणि मी तेच सांगितलं.

आता वैशाखात नणंदेचं लग्न ठरलं. रुखवतात कुरडयांचा डोंगर मांडायचा होता. सासूबाई सहज म्हणाल्या, "कुरडया थोरली करेल." झालं. मी तिथल्या तिथे बोलून बसले, "धूर नसता तर माझ्याही तशाच झाल्या असत्या."

सासूबाई न्यायाच्या बाई. त्या म्हणाल्या, "होळीपर्यंत तुमच्याकडे विजेची गाडी सुरू होणार म्हणतात. मग तूच कर. थोरली शेवया करेल."

वहिनी लगेच म्हणाली, "हो, तिलाच करू दे." तिला जराही वाईट वाटलं नाही. मी ज्याच्यासाठी दोन वर्षं जळत होते ते तिने असं शिळ्या भाकरीसारखं मला देऊन टाकलं. आणि मी अडकले. कारण माझ्या कुरडया धुराने काळ्या होत नव्हत्या, हे जगात मला एकटीलाच माहीत होतं. निदान मला तसं वाटत होतं.

खरी गोष्ट अशी होती. चीक निवला की पांढऱ्या चिकावर एक तांबूस थर बसतो. पाणी ओतल्यावर तो थर खरवडून टाकायचा असतो. हे मला आईने शिकवलं होतं. पण तो टाकला की चीक कमी भरतो, चीक कमी भरला की कुरडया कमी पडतात, आणि माझा डबा वहिनीच्या डब्यापेक्षा रिकामा दिसतो. पांढरेपणात मी तिच्यापुढे जाईन असा भरवसा नव्हता, मग निदान संख्येत तरी जावं. म्हणून मी तो थर गुपचूप चिकातच ढवळून टाकायची. माझ्या कुरडया काळ्या करणारी मत्सराची भट्टी माझ्याच पोटात होती, आणि आळ मी इंजिनावर घेतला होता.

रुळांच्या कडेने खांब उभे राहायला लागले. मालगाडीच्या वाघिणीवर मचाण बांधून वर चढलेली माणसं तार ओढत पुढे सरकायची, आणि शेजारणी कमरेवर हात ठेवून बघत राहायच्या. मी मात्र रोज खांब मोजायची आणि आज एक तरी कमी झालाय का बघायची. काम रखडावं म्हणून मी गणपतीला नारळही बोलले. गणपती बहुधा मुलुंडचा असावा. होळीच्या आधीच गाडी आली. बायकांनी तिला हळदकुंकू वाहिलं. मी डोकं दुखतंय म्हणून घरात होते. खिडकीतून पाहिली. धूर नाही, काजळी नाही, नुसती सरळ निघून गेली. इतकी स्वच्छ की माझी पुरती वाट लागली.

चैत्रात पहिला घाणा घातला. या वेळी थर टाकायचा असं ठरवलं होतं हो. पण पातेल्यात बघितलं आणि रुखवतातला डोंगर डोळ्यांपुढे आला. डोंगर म्हणजे डोंगरच दिसायला हवा, टेकडी नको. मी थोडासाच थर काढला आणि बाकीचा ढवळला. कुरडया पुन्हा करड्या.

शहराचा कचरा देवनारला नेणारी गाडी तेवढी अजून कोळशाच्या इंजिनावर चालत होती. मी बुडत्यासारखी तिला धरलं आणि सासूबाईंना निरोप धाडला, कचऱ्याच्या गाडीचा धूर लागला. त्यांचा उलट निरोप आला, ती गाडी सातला जाते आणि तू कुरडया नवाला घालतेस, तर दुसरा घाणा घाल, थोरलीला मदतीला पाठवते.

म्हणजे ज्या गाडीपायी माझं निमित्त गेलं, त्याच गाडीत बसून ती सकाळी सकाळी माझ्या दारात उभी. मान पुसली नाही, पदर बघितला नाही. मी नुकतंच पातेल्यातलं वरचं पाणी ओतलं होतं आणि ढवळायला हातात डाव होता. तिने पातेल्यात वाकून बघितलं, आणि माझं मनगट धरलं.

"हा थर काढायचा नाही का?"

मी म्हटलं, काढतच होते. मग तिने पहिल्या घाण्यातली एक कुरडई उचलली, मोडली आणि मोडलेली बाजू माझ्यापुढे धरली.

"धूर वर बसतो गं. आत कसा शिरेल? ही आतूनच अशी आहे."

मी विचारलं, "तुम्हाला आता कळलं?"

"गेल्या वर्षी. तुझा डबा उघडला तेव्हाच."

"मग आईंना सांगितलं नाहीत?"

"सांगितलं ना. माझ्यापेक्षा तुझ्या कुरडया जास्त झाल्यात, असं सांगितलं."

मी खाली बसून रडले. तिला वाटलं, उपकाराने रडतेय. छे. एकीकडे नळ, दिवा, केस, गाडी, पांढऱ्या कुरडया, आणि आता वर हा स्वभावही हिच्याकडेच. दुसऱ्याला काही ठेवायचं की नाही माणसाने?

तिने थर खरवडला. थोडा काढून थांबली नाही, पार पांढरं लागेपर्यंत काढला. मग चीक मी शिजवला आणि कुरडया तिने पाडल्या. असे आम्ही तीन दिवसांचं अंतर ठेवून तीन घाणे घातले. प्रत्येक वेळी ती मुलुंडहून यायची, दिवसभर राबायची आणि संध्याकाळच्या गाडीने जायची. शेवटच्या घाण्याला तिने मला सोऱ्या दिला आणि स्वतः वारा घालत बसली. तेवढ्या कुरडया माझ्या. एकूण डोंगरात त्या पायथ्याला होत्या.

लग्नात रुखवतापाशी बायकांची दाटी झाली. वराकडच्या एका आजीबाईंनी कुरडई उचलून उजेडात धरली आणि विचारलं, कुणाच्या हातच्या? सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"आमच्या धाकटीच्या. इतकी वर्षं बिचारीच्या कुरडया इंजिनाच्या धुराने खराब व्हायच्या. विजेची गाडी आली आणि बघा."

खरं सांगायची हीच वेळ होती. मी तोंडही उघडलं होतं. पण आजीबाई माझ्याकडे अशा कौतुकाने बघत होत्या, आणि वहिनीकडे कुणी बघत नव्हतं. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी ते कौतुक घटाघटा प्यायले. मग चोरून तिच्याकडे पाहिलं. ती शेवयांचं ताट सारखं करत होती. मान वर न करता म्हणाली,

"हो ना आई, धूरच होता तो."

तिला जाऊन आता किती वर्षं झाली. सासूबाईही गेल्या. त्या रुखवताचं खरं मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. एवढं सगळं लिहून काढल्यावर मन हलकं व्हायला हवं, असं म्हणतात. नाही झालं. दुसरीची लाज राखणारं ते वाक्य तिला इतक्या सहज कसं सुचलं, आणि मला तसं कुणासाठी का नाही सुचलं, म्हणून मी अजून तिच्यावर जळते.